ओल्या मातीतला पेंढा

शिल्पविभागात त्या वर्षी कुंतला एकटीच उरली होती. सोबतच्या तिघांपैकी दोघं पहिल्याच वर्षी शहाणे होऊन निघून गेले आणि तिसरी लग्न करून रायगड्याला गेली. ब्रह्मपूरच्या त्या सरकारी कला महाविद्यालयात शिल्पाला नवे प्रवेश बंद होते, कारण शिकवायला कायमचा माणूस नव्हता. आणि माणूस नेमत नव्हते, कारण विद्यार्थी नव्हते. सरकारी डोकं असंच चालतं. शेजारच्या खोलीत नृत्याच्या मुली मोबाइलमधल्या मर्दळाच्या ठेक्यावर नाचत, कारण मर्दळ वाजवणारे गुरुजी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शिल्पाला नटवर सर तेवढे होते, तेही कंत्राटावर.

कुंतलेची याबद्दल तक्रार नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती, चेहरा करायचा हक्क. तिच्या गावी, आस्क्याला, बापाचा, बिरंची मुदुलीचा, दुर्गेच्या मूर्तींचा कारखाना होता. कुंतला सात वर्षांची असल्यापासून तिथे माती तुडवत होती. तिनं देवीची बोटं केली, दागिने केले, महिषासुराचं पोटसुद्धा केलं. पण मानेच्या वर हात लावायचा नाही. चेहरा घरातल्या पुरुषानंच करायचा. आता बिरंचीचे हात थरथरायला लागले होते आणि त्याला मुलगा नव्हता. पुतण्या गोविंद कारखान्यावर डोळा ठेवून बसला होता. त्यानं केलेल्या देव्या नुकत्याच झोपेतून उठवल्यासारख्या दिसत, पण तो पुरुष होता.

"सरकारी परीक्षा पास होऊन दाखव," बिरंची म्हणाला होता. "बाहेरचा जाणता माणूस म्हणू दे की चेहरा जमला. मग यंदाच्या देवीचा चेहरा तुझा. नाहीतर गोविंद आहेच."

म्हणून परीक्षेसाठी तिनं बापाचाच चेहरा घेतला, खांद्यांपासून वर. बिरंची दर गुरुवारी पहिल्या बसनं यायचा आणि स्टुलावर बसायचा. गप्प बसणं मात्र त्याला जमत नसे. पहिल्याच दिवशी त्यानं आतला लोखंडी सांगाडा पाहिला आणि उठून उभा राहिला.

"हे काय गं? मातीच्या पोटात लोखंड कोण घालतं?"

"इथे असंच असतं बापा. सरांनी सांगितलंय."

"तुझ्या सरांनी कधी देवी केलीय का? जा, पेंढा आण. बांबू आण. सुतळी आण."

नटवर सर त्या दिवशी कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. बिरंचीनं लोखंड उपसून काढलं, बांबू रोवला आणि त्यावर पेंढा बांधायला बसला. सुतळीचं एक टोक दातात धरून तो फेरा आवळायचा. चहाचा कप धरताना लटपटणारे ते हात गाठ मारताना जरासुद्धा हलत नव्हते. दोन तास खपून त्यानं डोकं आणि मान बांधली. कुंतला पाहत राहिली. आजवर तिच्या कामाला त्यानं एकदाही हात लावला नव्हता.

"हं, घे," तो म्हणाला. "आता चढव यावर माझं थोबाड. नाक जरा सरळ कर, आहे तसं नको."

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पाहून कपाळाला हात लावला. "अगं, तुमच्या घरी मूर्ती वाळवतात, म्हणून पेंढा चालतो. इथे परीक्षक येईपर्यंत माती ओलीच ठेवायची असते. ओल्या फडक्याखाली पेंढा कुजेल. काढ तो आजच."

"परीक्षा तर वीस दिवसांवर आहे सर. तेवढं निभेल."

निभलंही असतं. वीस दिवसांत तिनं बिरंचीचा चेहरा असा उभा केला की चहावाला दारात थबकून म्हणाला, "म्हातारा आज आतच झोपला वाटतं!" मग परीक्षकांना निवडणुकीच्या कामाला जुंपलं आणि तारीख पुढे गेली. मग उन्हाच्या तडाख्यानं सगळी कॉलेजं बंद झाली, पुन्हा तारीख गेली. कुंतला रोज सकाळ-संध्याकाळ येऊन फडकी भिजवायची. न भिजवावं तर चेहरा तडकणार, भिजवावं तर आतून कुजणार. खोलीत आंबूस वास सुटला. एके दिवशी बिरंचीच्या कानामागून हिरवे कोंब बाहेर आले. पेंढ्यात राहिलेलं भात रुजलं होतं. तिनं ते उपटले आणि भोकं बुजवली.

"अजून पंधरा दिवस आहेत," सर म्हणाले. "मोड आणि लोखंडावर नव्यानं कर. तुझा हात आता बसलाय."

ते खरं होतं. पण गुरुवारी बिरंची आला की आधी त्या मानेवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "माझी गाठ आहे ही!" ती गाठ सोडायला तिचा हात धजला नाही. कुणी याला मूर्खपणा म्हणेल. होताच तो.

परीक्षेच्या सकाळी तिनं फडकं काढलं, तर मान फाटली होती आणि डोकं छातीवर कलंडलं होतं. नाक चपटं झालं होतं. फटीतून काळा, बुळबुळीत पेंढा बाहेर आला होता. अकरा वाजता परीक्षक आले. भले गृहस्थ होते, दोन मिनिटं खरंच हळहळले. मग कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहून निघून गेले. फेरपरीक्षा नव्हती, कारण जूनपासून विभागच बंद होणार होता.

बाराच्या बसनं बिरंची येणार होता. कुंतलेनं बाह्या वर केल्या आणि मानेत हात घालून पेंढा ओढून काढायला सुरुवात केली. सगळा पेंढा, सुतळीसकट, पोत्यात भरला आणि पोतं मागच्या भिंतीपलीकडे टाकलं. पोकळीत ताजी माती कोंबली.

"हे काय चालवलंयस?" सर म्हणाले. "सांग ना वडिलांना, पेंढा कुजला म्हणून. एका वाक्याचं तर काम आहे."

"त्यानं बांधलेलं आजवर कधी पडलं नाही, सर. आता हातात फक्त गाठच उरलीय त्याच्या."

बिरंची छेनापोड मिठाईचा पुडा घेऊन आला. दारातच त्याला आपलं लोंबतं डोकं दिसलं. पुडा स्टुलावर ठेवून तो जवळ गेला.

"काका, खरं म्हणजे—" सरांनी तोंड उघडलं.

"माझंच चुकलं बापा," कुंतला मध्येच म्हणाली. "पाणी जास्त झालं. माती चढवतानाही अंदाज चुकला."

बिरंचीनं ते चपटं नाक अंगठ्यानं हळूच वर केलं. ते पुन्हा खाली बसलं. "राहू दे," तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "तुझा दोष नाही, पोरी. मीच वेडा. उगाच तुला आशा लावली."

परतीच्या बसमध्ये खिडकीतून गरम वारा येत होता. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "गोविंदाला आजच सांगून टाकतो. आषाढात कामाला लागायला हवं."

"सांग."

थोड्या वेळानं त्यानं चाचरत विचारलं, "मानेतला पेंढा तरी धरून होता ना गं?"

"होता बापा. तेवढाच धरून होता."

"मग!" बिरंची म्हणाला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मनापासून हसला.