सज्जतेचं प्रमाणपत्र

पौडच्या कचेरीसमोर तीन वकील बसत. दोघे गिऱ्हाइकाची वाट बघत, तिसरे संकटाची. हे तिसरे म्हणजे कमरुद्दीन मुलाणी, वकील आणि नोटरी.

नोटरीचं काम तसं साधं. माणूस समोर येतो, कागदावर सही नाहीतर अंगठा करतो, आणि नोटरी शिक्का मारून सांगतो की होय, हाच माणूस माझ्यासमोर आला होता. एवढ्याला दोन डोळे पुरतात. पण कमरुद्दीनसाहेबांच्या मते त्याला मनाची तयारी लागे, आणि ती त्यांनी लढाईला निघाल्यासारखी केली होती. शाईचे पॅड तीन, छत्र्या दोन, चष्मे दोन. दिवे गेले तर मेणबत्त्या आणि मेणबत्त्या भिजल्या तर कंदील. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ते स्वतःला बजावत, "काहीही होवो, मी डगमगणार नाही." बाहेर झाडू मारणारा कारकून नथू हे ऐके आणि साहेबांचं घरात काही बिनसलंय असं समजून बिचारा दिवसभर हळू बोले.

सगळ्यात मोठी तयारी मात्र लोखंडी ट्रंकेत होती. एका पावसाळ्यात ताप येऊन साहेब आठ दिवस अंथरुणात पडले आणि रिहे गावाहून चालत आलेली माणसं हात हलवत परत गेली. हे साहेबांच्या मनाला फार लागलं. बरे होताच त्यांनी तीस कोऱ्या कागदांवर तळाशी 'माझ्यासमोर अंगठा केला' असं लिहून सही ठोकली, शिक्का मारला आणि गठ्ठा ट्रंकेत ठेवून नथूच्या हवाली केला. "मी नसलो तर वर मजकूर टाइप कर, तारीख घाल, अंगठा घे. गिऱ्हाईक परत जाता कामा नये." तहान लागायच्या आधीच विहीर खणून ठेवली म्हणून ते स्वतःवर खूश होते. विहिरीला कठडा बांधायचा राहिला, ही बारीकसारीक बाब त्यांच्या तयारीत बसली नसावी.

त्र्याऐंशीच्या जुलैत पुण्यात एका निवृत्त न्यायाधीशांचं दिवसभराचं व्याख्यान झालं. विषय, 'व्यवसायातील मानसिक सज्जता'. साहेब पहाटेच्या एस.टी.नं गेले आणि प्रमाणपत्र घेऊन आले. त्याला सोनेरी चौकट केली आणि ते खुर्चीमागं टांगलं. त्या दिवसापासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते मोठ्यानं वाचून दाखवलं जाई. काम असो नसो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी रिह्याची तानूबाई आली. पन्नाशीची विधवा, पायाला वाळलेला चिखल, हातात घडी घातलेला कागद. तिनं तो टेबलावर ठेवला. रिह्यातल्या भातखाचरातला आपला हिस्सा ती राजीखुशीनं दीर म्हसूच्या नावे सोडते, असं त्यात लिहिलं होतं. खाली अंगठा. त्याखाली साहेबांची झोकदार सही.

"ह्यो अंगठा माजा न्हाई," तानूबाई म्हणाली. "म्हसूनं कुनाला तरी तोंडावर पदर घ्याया लावून आनलं आसंल. आज दुपारी मामलेदारापुढं तारीख हाय. त्ये म्हनत्यात, नोटरीनं लिवलंय बाई समोर आली व्हती, मग नोटरीचंच खरं. म्हनून इचाराय आले. मी आले व्हते का तुमच्याकडं?"

साहेबांनी नथूकडं पाहिलं. नथूनं ट्रंकेकडं पाहिलं. नोटरीचा परवाना महिन्याभरात नूतनीकरणाला जायचा होता. 'नाही' म्हटलं तर तो गेलाच, वर फौजदारी. 'हो' म्हटलं तर या बाईचं खाचर गेलं. मन घट्ट ठेवायची एवढी तालीम कशासाठी केली होती? साहेबांनी ते घट्ट केलं.

"बाई, कागदावर शिक्का आहे म्हणजे आला असाल," ते म्हणाले. "माणूस विसरतो."

"भाताच्या आवनीचे दिस व्हते, सायेब. गुडघाभर चिखलात उभी व्हते मी. कशी इसरंन?"

तिचा आवाज चढला नाही. त्यामुळं साहेबांना जास्तच अवघडलं. नजर चुकवायला ते खुर्चीत वळले, तर समोर चौकट. तानूबाईनंही तिकडं पाहिलं. "ह्ये काय लिवलंय?"

हा प्रश्न कुणी केला की साहेबांना स्वतःला आवरता येत नसे. "पुणे," त्यांनी वाचायला सुरुवात केली, "दिनांक सोळा जुलै एकोणीसशे त्र्याऐंशी. श्री. कमरुद्दीन मुलाणी हे सकाळी नऊ ते सायंकाळी सहा पूर्णवेळ उपस्थित..."

आणि ते थांबले. टेबलावरच्या कागदावरही सोळा जुलैच होती.

"सायेब," नथू कुजबुजला, "चौकट उतरवू का? मोरीत ठिवतो."

कमरुद्दीनना स्वतःची शरम वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. मग त्यांनीच उठून चौकट खिळ्यावरून काढली, बाहीनं पुसली आणि तानूबाईपुढं धरली. "हे मामलेदारांना दाखवा. त्या दिवशी मी पौडात नव्हतो, हे यात आहे."

मनातल्या मनात ते थोडे सुखावलेही. चौकट गेली म्हणजे आपलं कर्तव्य झालं, आणि आपण कचेरीची पायरी चढायची गरज नाही.

तानूबाईनं चौकटीला हात लावला नाही. "कागदापायीच माजी जमीन चाललीय, सायेब. आता आनि कागद नगं. मानूस पायजे. तुमी चला."

साहेब निघाले. काळा कोट खुंटीवर राहिला, दोन्ही छत्र्या कोपऱ्यात राहिल्या आणि पायात घरातल्या सपाता. नथू चौकट घेऊन मागून धावला.

मामलेदारांनी मूळ कागद पुढं सरकवला. बाजूला म्हसू उभा होता, नवं धोतर नेसून.

"सही तुमची?"

"माझी."

"ही बाई तुमच्यासमोर आली होती?"

कमरुद्दीननी शेजारी उभ्या असलेल्या तानूबाईकडं नीट पाहिलं.

"आज आली," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."