मिशी तेवढी ठेव

सांगलीच्या डॉक्टरांनी वीरधवलला सांगितलं होतं, "केस लावायच्या आधी डोकं पूर्ण भादरून या." टक्कल बघून दोन मुलींनी नकार दिल्यापासून तो हट्टालाच पेटला होता. न्हावी अंगणात येऊन बसला आणि माझी जपमाळ बोटांतच थांबली. आमच्यात बाप गेल्यावर मुलगा मिशीसकट डोक्याचे केस उतरवतो, आणि याचे वडील तर आत अंथरुणाला खिळलेले. नाही म्हणावं तर पोराचं लग्न अडतं, हो म्हणावं तर कुंकवाची धास्ती.

"आई, आता समदीच करत्यात," तो म्हणाला.

आतून खोकत आवाज आला, "मिशी तेवढी ठेव रं. लोकांस्नी कळंल, बाप हाय अजून."

बापलेक दोघंही हसले. मी आत जाऊन त्यांचा हात धरला, आणि बाहेर मशीनची घरघर थांबेपर्यंत सोडला नाही.