ह्यांना चढलेली भूल

भूल मला दिली, पण चढली बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या ह्यांना. मी टेबलावर टक्क जागी होते. पित्ताशयातले खडे ताटलीत पडल्याचा आवाजसुद्धा मी ऐकला. दुखलं मात्र काहीच नाही.

भूलतज्ज्ञ केळशीकरबाई खूश होत्या. त्यांचा या नव्या औषधावर अभ्यास चालू होता. त्यांनी कागदावर माझ्या दुखण्यापुढे शून्य लिहिलं.

"उत्तम! आता फक्त तुमच्या मिस्टरांची उतरायची राहिली."

"म्हणजे?"

"ते तुम्हाला विसरलेत. भूल पायांकडून वर उतरत जाते, डोक्यातून शेवटी. सहापर्यंत त्यांनी ओळखलं तर ठीक. नाहीतर मग ती राहतेच."

मला वॉर्डात आणलं तेव्हा तीन वाजले होते. तिथला नियम असा, की न्यायला माणूस नसेल तर पेशंटची खाट आखडत जाते. समोरच्या बाईंना तीन सुना होत्या. त्यांची खाट पार खिडकीबाहेर गेली होती आणि सुना तिच्यावर ओळीने बसून चहा पीत होत्या. माझी खाट चारलाच गुडघ्यांपर्यंत आली.

हे दारात उभे होते. मी नेहमीसारखी हाक मारली, "अहो!" वॉर्डातले झाडून सगळे पुरुष वळले. वॉर्डबॉयही वळला. हे तेवढे वळले नाहीत.

"नावाने हाक मारा की," सिस्टर म्हणाल्या.

एकतीस वर्षांत ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही मान खाली घालून. पण जीव टांगणीला लागल्यावर कसली लाज?

"भालचंद्र!"

हे अदबीने जवळ आले. "हो, मीच. आपण?"

"मी मालिनी."

हे विचारात पडले. माझं नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलंच नव्हतं. सगळा संसार 'अगं'वर भागवला होता. दोष त्यांना तरी कसा देऊ? मला ते 'अगं' माझ्या नावापेक्षा जास्त आवडायचं.

"एकदा मला 'अगं' म्हणून बघा ना," मी म्हटलं.

"छे छे, अनोळखी बाईंना? बरं दिसत नाही ते."

मला रडूच आलं. केळशीकरबाई कागद घेऊन आल्या. "दुखतंय? शून्य ते दहा?"

"दहा."

"कुठे?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"ते आम्ही धरत नाही," म्हणत त्यांनी पुन्हा शून्य लिहिलं.

पाचला ह्यांच्या पायांची भूल उतरली. हे दाराकडे निघाले की पाय त्यांना माझ्यापाशी आणून सोडायचे. दर वेळी हे "माफ करा हं" म्हणून परत निघायचे. साडेपाचला हातांची उतरली. हातांनी खाटेबाहेर लोंबणाऱ्या माझ्या पावलांवर चादर ओढली आणि टाचांखाली नीट खोचली. मला पावलं उघडी सोसत नाहीत, हे हातांना ठाऊक होतं. तोंड मात्र सिस्टरना सांगत होतं, "या बाईंचं कोणी आलेलं दिसत नाही. जरा लक्ष ठेवा."

सहाला पाच मिनिटं कमी असताना खाट फक्त मांडी घालण्यापुरती उरली. समोरच्या सुनांनी आमच्याकडे पाठ केली.

"ताई," हे म्हणाले, "तुमचे मिस्टर यायचेत का अजून?"

"येतीलच एवढ्यात."

"मग तोवर थांबतो मी. मलाही कुणाला तरी घरी न्यायचंय. कुणाला, ते आठवलं की निघेन."

मी गुडघे पोटाशी घेतले आणि त्यांना बसायला जागा करून दिली.