मेलेल्यांनी हलायचं नाही

राजोडीच्या किनाऱ्यावर सकाळी दहाच्या सुमाराला एकेचाळीस माणसं मरून पडली होती, आणि त्यातली निम्मी अजून चहा कधी येणार म्हणून विचारत होती. प्रिस्का तिसऱ्या रांगेत होती. तिच्या छातीवर नऊ महिन्यांची एमिली झोपलेली.

सिनेमा एका दूरच्या देशातल्या कत्तलीचा होता. एका दुपारी अख्खं गाव मारलं गेलं, एवढंच प्रिस्काला ठाऊक होतं. तिची कॉलेजातली मैत्रीण स्वप्ना दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करायची. पापडी गावात प्रिस्काच्या घरी येऊन तिने गळच घातली. "तान्हं बाळ असलेली बाई मिळत नाहीये गं. बाळाने फक्त झोपायचं, तू फक्त मरायचं."

नवरा, आग्नेल, हसला होता. "ही? ही दर पाच मिनिटांनी पोरीच्या नाकाशी बोट धरते. मेली तरी धरेल."

खोटं नव्हतं ते. दुसऱ्या महिन्यात एमिलीला न्यूमोनिया झाला, तेव्हापासून प्रिस्काची नजर पोरीवरून हलत नसे. पण त्या हसण्याचा राग आला म्हणून की काय, ती हो म्हणून बसली.

"दोन मिनिटं," स्वप्ना कानाशी वाकून म्हणाली. "डोळे उघडायचे नाहीत. काहीही झालं तरी."

शेजारी मरून पडलेल्या कमळीने मान वळवली. ती राजोडीचीच, मासळी विकणारी. "आन् खोकला आला तं?"

"गिळा, मावशी."

मग सगळं चिडीचूप झालं.

मिटलेल्या पापण्यांमागे ऊन आधी तांबडं होतं, मग केशरी, मग नुसतंच ऊबदार. सुरूच्या झाडांची सळसळ लांब गेली. पाठीखालची वाळू मऊ होत होत खाली सरकू लागली आणि तिच्याबरोबर प्रिस्काही. ती त्या दूरच्या गावातली बाई कशी असेल? तिनेही सकाळी भात टाकला असेल, झबली वाळत घातली असतील. संध्याकाळी ती झबली काढली कुणी? प्रिस्का त्या अंगणात गेली. झबली उन्हाने कडक झाली होती. एकेक काढून तिने हातावर घेतली, घरोघरी जाऊन हाका मारल्या. दारं सगळी उघडी होती. चुली अजून गरम होत्या.

छातीवरचं ओझं हललं. एमिली जागी झाली होती. तिने आईच्या गालावर थाप मारली. मग ओठ ओढला. मग गप्प राहून वाट पाहिली. आई ओढणीआड लपून 'भॉक' करते, तसलंच हे, असं तिला वाटलं असावं. ती खुदकन हसलीसुद्धा. 'भॉक' आलंच नाही.

"चालू ठेवा," कुणीतरी पुटपुटलं. "कुणी हलू नका."

पोर रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. प्रिस्काला ऐकू येत होतं, पण त्या अंगणातून, दोरीच्या पलीकडून. त्या बाईचं बाळ रडतंय, तिला वाटलं. ती बिचारी कुठली उठणार. कुणीतरी जायला हवं. हातावर झबली घेऊन प्रिस्का उभी राहिली, कान देऊन. येईलच कुणीतरी.

छाती एकदम हलकी झाली.

"कट," दिग्दर्शक ओरडला. "ही बाई का उठली?"

प्रिस्काने डोळे उघडले. कमळी वाळूत मांडी घालून बसली होती आणि एमिली तिच्या खांद्यावर होती.

"मेले म्हनून काय झाला," कमळी म्हणाली, "कान हायेत ना माजे."

मेलेल्यांत हशा पिकला.

"मावशी, त्या गावात कुणी उरलंच नव्हतं," दिग्दर्शक अजिजीने म्हणाला. "बाळ रडतंय आणि उचलायला कुणी नाही, हेच तर लोकांना दिसायला हवं. नाहीतर तिथे काय झालं, ते कळणार कसं?"

प्रिस्काला ते पटलं. रडणं तिनेही ऐकलं होतं, वीतभर अंतरावरून. आणि ती दुसऱ्या कुणाची वाट बघत राहिली होती.

"अजून एकदाच," स्वप्ना म्हणाली. "तिचं रडं चालू आहे तोवर. प्लीज."

प्रिस्काने हात पुढे केले. एमिलीने तिच्याकडे पाहिलं आणि कमळीच्या मानेत तोंड खुपसलं.

"भ्याली तुला," कमळी म्हणाली. "मढ्यासारी दिसतं तू."

कॅमेरा जवळ येणार म्हणून सकाळी फक्त तिच्याच चेहऱ्यावर थापलेला राखेचा लेप, ओठांवरची निळाई. प्रिस्का विसरूनच गेली होती. तिने ओढणीचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि गाल पुसायला घेतला.

"अगं थांब, दीड तास लागलाय त्या मेकअपला," स्वप्ना म्हणाली.

"रडणं मिळालंय ना तुम्हाला? तेवढं वापरा. बाळाच्या जागी काहीतरी गुंडाळून ठेवा."

"आणि तू?"

प्रिस्काने दुसरा गाल पुसला, मग ओठ. एमिली हुंदके देत लांबूनच बघत होती, अजून येत नव्हती. प्रिस्का कपाळ पुसू लागली.