मी न मोजलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी पंखा आहे. वारा घालणारा नव्हे, वाहत्या पाण्याचा वेग मोजणारा. इजिप्तमधल्या फय्यूमच्या एका कालव्यावर, अगदी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या पुलाखाली, मी लोखंडी दांड्याला जोडलेला, पाण्यात बुडालेला असतो. पाणी जितकं जोरात, तितका मी भरभर फिरतो आणि माझे फेरे तारेवरून कचेरीत पोचतात. माझा आवाज लहान आहे, म्हणून राग हळूच सांगतो. पण राग आहे.

माझा जन्म अलेक्झांड्रियातल्या एका कारखान्यात झाला. लांबलचक हौदातून ओढून मला पारखलं, मगच इथे पाठवलं. पाटकरी हाजी शहाता मला रॉकेलने पुसायचे. पाण्यावरून भांडणं आली की म्हणायचे, माझं राहू द्या, याला विचारा. केवढा मान होता तो!

हाजी निवृत्त झाले आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. जलपर्णीच्या मुळ्यांनी माझी पाती आवळली. मी थांबलो. फक्त शुक्रवारी वरच्या गावची माणसं नमाजाला जात, मग घरी जेवायला बसत. कालव्यातून पाणी उपसणारे त्यांचे पंप तेव्हा बंद असत. मग पाणी असं उसळून यायचं की मुळ्या सुटायच्या आणि मी थोडा वेळ फिरायचो. पंप सुरू झाले की पाणी मंदावायचं, मुळ्या पुन्हा बसायच्या.

कचेरीत शुक्रवारचे आकडे पोचत, बाकीचे दिवस कोरे. वगीह तिथले बाश्मुहंदिस, म्हणजे मोठे अभियंता. त्यांनी एका शुक्रवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंत सरळ रेघ ओढली आणि कोऱ्या जागा भरून टाकल्या. झालं! कागदावर टेलला आठवडाभर पाणी खळाळू लागलं. इतकं पाणी कशाला, म्हणून टेलची पाण्याची पाळी कापून वरच्या गावांना दिली.

इकडे टेलला उम्म अतिया या विधवेचा बाबुना सुकत चालला होता. त्या औषधी फुलांवरच तिचं वर्ष निघायचं. साहेब पुलावर आले तेव्हा ती रोजा धरून उन्हात उभी होती.

"बाश्मुहंदिस, तुमच्या कागदावरचं पाणी जरा माझ्या वाफ्यात सोडा की," ती म्हणाली. "घोटभर सोडा, मी काही पिणार नाही."

"उम्म अतिया, माणूस खोटं बोलेल. यंत्र बोलतं का?"

मित्रांनो, त्या कोऱ्या दिवसांत मी तसूभरही हललो नव्हतो, आणि माझ्या नावावर ही साक्ष! पाण्याखाली मी काय करणार?

साहेबांसोबत इब्तिहाल नावाची अभियंता होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, शुक्रवारी पंप बंद असतात. आपण गावाला आठवडाभर मशिदीत बसवलंय."

मग तिने नीट काम केलं. वरच्या पुलाखाली माझ्यासारखाच एक पंखा आहे, त्याचे रोजचे आकडे होते. आम्ही दोघं चालू असताना, पंपांच्या दिवशी मी त्याच्यापेक्षा किती हळू फिरायचो, हे तिने जुन्या नोंदींतून काढलं. त्यावरून माझे हरवलेले दिवस बांधले. एवढ्यावर थांबली नाही. मी खरोखर मोजलेले काही दिवस मुद्दाम झाकून तेही त्याच रीतीने काढून पाहिले, आणि ते माझ्या खऱ्या आकड्यांच्या अगदी जवळ आले. तरीही भरलेल्या प्रत्येक आकड्याला तिने वेगळा रंग दिला आणि शेजारी लिहिलं, 'हा अंदाज आहे.' तिच्या आकड्यांत टेलचं पाणी जेमतेम घोट्याइतकं निघालं. पाळी परत मिळाली.

मित्रांनो, यंत्रं साफ ठेवा, हे तर सांगतोच. पण जो बंद पडला आहे त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. कोरी जागा ही लाज नव्हे. ती भरायचीच असेल तर शेजाऱ्याला विचारून भरा, पडताळून भरा, आणि हे आपण भरलंय असं कबूल करा.

पाणी आलं तोवर उम्म अतियाचा खालचा वाफा जळून गेला होता. यंदा तो रिकामाच आहे. तो आता कोणी आकड्यांनी भरून दाखवावा.