धम्मशीलाची टीसी

बारावीचा निकाल लागला की आमच्या ताडकळसला कॉलेजांचे प्राध्यापक मोटारसायकलींवरून येतात. पास झालेल्या पोरांची घरं शोधतात, गोड बोलतात आणि उठताना टीसी मागून घेतात. शाळा सोडल्याचा तो मूळ दाखला एकदा त्यांच्या पिशवीत गेला, की पोरगं त्यांच्या कॉलेजचं झालं.

धम्मशीलाला समाजशास्त्र शिकायचं होतं. मी तिला चौथीपर्यंत शिकवलेलं, म्हणून कॉलेज निवडायला ती माझ्याकडेच आली. आम्ही तीन कॉलेजं पाहिली. माहितीपत्रकात समाजशास्त्र तिन्हीकडे होतं. मी प्रत्येक ठिकाणी शिपायालाच विचारलं, "समाजशास्त्राचा तास कोणत्या खोलीत होतो?" दोन ठिकाणी शिपाई हसला. परभणीतल्या शिपायाने मात्र वर नेऊन खोली दाखवली. फळ्यावर 'कुटुंबसंस्था' असं अर्धवट पुसलेलं होतं. धम्मशीला म्हणाली, "गुरुजी, हेच."

तिथल्या प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. गावी परतलो तर तिचे वडील सिद्धोधन दारातच उभे.

"गुरुजी, काम झालं! नागेश सर आल्ते. तुमचाच विद्यार्थी म्हनले. मग काय, टीसी देऊन टाकली."

"मला विचारलं का, बाबा?" धम्मशीला म्हणाली.

"गुरुजीच्या मानसाला न्हाई कसं म्हनावं, बाई?"

माझ्याच नावावर दाखला गेला होता! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागेशच्या कॉलेजात गेलो. जिथे शिपाई हसला होता, त्यातलंच हे एक. नागेश प्रवेशाच्या टेबलावर बसला होता. मला पाहून पटकन उठला, पाया पडला.

"तुमी कशाला आलात, गुरुजी? मला बोलवायचं की."

"हिची टीसी दे."

तो खाली बसला. "ही धरून वीस झाली, गुरुजी. एक कमी झालं तर विषय बंद. मी आठ वर्षं तासिकेवर हाय, कायम न्हाई. विषय गेला की मीबी गेलो."

"सर, मी रोज आले तर तुमी रोज तास घ्याल का?" धम्मशीलाने विचारलं.

"रोज कशाला येतीस? ताडकळसहून लय हाल व्हतेत. नोट्स देतो ना. परीक्षेला ये, पास करायची जबाबदारी माझी."

चाळीस वर्षांच्या नोकरीत पोरांवर आवाज चढवायची मला सवय नव्हती. त्या दिवशी चढला.

"नागेश, तुला बाराखडी यायला सहा महिने लागले. मी कधी म्हणालो का, येऊ नको, पास करतो?"

नागेशने कपाट उघडलं, गठ्ठ्यातून टीसी काढली आणि माझ्याकडे न बघता धम्मशीलाच्या हातात दिली.

"आता एकोनीसच राहिले," तो हळूच म्हणाला. "तुमच्या वळखीत कुनी असंल तर बघा, गुरुजी."

"आधी तास सुरू करा, सर," धम्मशीला म्हणाली, "पोरी मीच पाठवते."

त्याच दुपारी परभणीत तिचा प्रवेश झाला. आठवड्याने नागेशचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"गुरुजी, विसावं पोरगं मिळालं. विषय वाचला!"

"बरं झालं. मग तास कधीपासून?"

"हॅलो... हॅलो... गुरुजी, रेंज न्हाई हितं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.