घड्याळजीच्या बायकोचा कान

मित्रांनो, मी कानामागे लावायची एक जुनी मशीन आहे. आकाराने काजूएवढी, पाठीवर एक चीर गेलेली. माझ्या पोटात बटणाएवढा सेल बसतो आणि माझ्यातून निघालेली नळी कानात जाते. बाहेरचा आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि आत सोडायचा, एवढंच माझं काम. खरं काय नि खोटं काय, ते मला निवडता येत नाही. दोन्ही मी सारखंच मोठं करते.

एका कारखान्यात भिंगाखाली माझ्या तारा जुळवल्या गेल्या. तिथून मी कानाच्या डॉक्टरांच्या कपाटात आले आणि एके दिवशी एका बाईच्या कानावर चढले. ही बाई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. तरुणपणीच तिचे कान उतरत गेले होते. मला लावून ती पहिल्यांदा कामावर गेली, कापडाच्या ताग्यावर कात्री चालवली आणि एकदम थांबली. शेजारणीला म्हणाली, "अगं, कात्री बोलते! विसरलेच होते मी."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस.

बाईचा नवरा घड्याळजी होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून तो चिमट्याने माझा सेल बदलायचा, मऊ ब्रशने माझी धूळ झाडायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "नवरा असावा तर असा. बायकोचा कानसुद्धा जपतो." बाई लाजायची. मलाही स्वतःचा अभिमान वाटायचा.

या घरात मूल नव्हतं. बाईचं एकच बाळंतपण झालं, तेही जिवावर बेतलेलं. ती तापात बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा नवऱ्याने सांगितलं, बाळ गेलं, सगळं उरकलं. तिने त्या बाळाचं तोंडही पाहिलं नाही. पुढे मूल झालं नाही. सारी माया तिने नणंदेच्या मुलीवर ओतली. नणंद तेव्हा परगावी होती; पुढे लेक घेऊन ती दोन गल्ल्या सोडून राहायला आली. भाची लहानपणापासून मामीच्या मागे-मागे. मामी तिला फ्रॉक शिवायची आणि उरलेल्या चिंध्यांतून तिच्या बाहुलीलाही. आता ती भाची बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसत होती. कोणती गाडी कुठे लागते ते दिवसभर लोकांना सांगायची.

मग गेल्या हिवाळ्यात माझे वाईट दिवस सुरू झाले.

घड्याळजी सेल बदलायचा, पण माझ्या अंगात जोरच येईना. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा आणि संध्याकाळपर्यंत तोही बंद. बाई काकुळतीला येऊन म्हणायची, "अहो, डॉक्टरांना दाखवू या का?" तो तिच्या तोंडासमोर येऊन ओरडायचा, "सेल नवाच आहे गं! तुझे कानच गेले, डॉक्टर काय करणार?" आणि मला डबीत टाकून द्यायचा.

कारखान्यात मुकादमाने सांगितलेलं माप बाईला नीट ऐकू आलं नाही. तिने बाह्या आखूड बेतल्या. तागाच्या तागा वाया गेला. तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला काज-बटणं करायला बसवलं. घरी पाहुणे आले की ती भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायची. लोक हसायचे. घड्याळजी सुस्कारा टाकून सांगायचा, "हल्ली तिला काही कळत नाही हो. सांभाळून घ्या." तीही हळूहळू गप्प झाली. ऐकू न येणाऱ्या माणसाला वेडं ठरवायला फारसे कष्ट पडत नाहीत, मित्रांनो.

एके दिवशी कामावरून येताना तिने मला रुमालातून काढलं आणि औषधांच्या दुकानदारापुढे ठेवलं. "हिला शेवटचं एकदा बघता का? नाहीतर टाकूनच देते." त्याने माझं पोट उघडलं, नवा सेल घातला, आणि अख्खा रस्ता तिच्या कानात कोसळला. भोंगे, चपला, कुणाचं तरी भांडण!

"मशीन ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "सेल मेलेला होता."

"कालच नवा घातलाय."

"मग कुणीतरी फसवलं तुम्हाला."

तो सहज बोलून गेला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाई मात्र तिथेच उभी राहिली.

मग ती घरी आली. तिने तो मेलेला सेल घेतला, सुईच्या टोकाने त्यावर बारीक फुली ओरखडली आणि माझ्या पोटात परत घातला. मग नवऱ्याकडे मला देऊन म्हणाली, "बदलून देता का?" त्याने पाठ फिरवली, चिमटा खळखळवला, थोड्या वेळाने मला परत दिलं. "घे. कोरा करकरीत." न्हाणीघरात जाऊन तिने झाकण उघडलं. आत फुलीवालाच सेल होता.

त्या दिवसापासून ती आपले सेल आपण आणू लागली, ब्लाऊजच्या आत लपवून. मी आता खणखणीत चालत होते. पण बाहेरून बाई ठार बहिरी. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की का?

उत्तर एका दुपारी स्वतःच्या पायांनी चालत आलं. नणंद रडत घरात शिरली. बाई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती. घड्याळजी दुकानाचं दार ओढून आत आला.

"आपल्या पोरीचे कान चाललेत," नणंद म्हणाली. "खिडकीत लोक ओरडतात तिच्यावर. कानाच्या डॉक्टरांकडे गेली होती. ते म्हणाले, हा बहिरेपणा घराण्यातून येतो. घरात कुणाला आहे का?"

"मग?"

"ती म्हणाली, आहे, पण मामीला, आणि मामी काही रक्ताची नाही." नणंदेने बाईकडे पाहिलं. "हिच्यासमोर कशाला..."

"बोल तू. भिंतीशी बोललीस तरी एकच." घड्याळजीचा आवाज शांत होता. "पोरीने कानाची तक्रार पहिल्यांदा केली ना, तेव्हाच मी ओळखलं होतं, ताई. मेलेले सेल घालून हिच्या कानावर ते जाऊ दिलं नाही, डॉक्टरकडे फिरकू दिलं नाही. दोघी एकदा का त्या माणसासमोर शेजारी बसल्या, तर तो विचारणारच."

"खरं कळलं तर पोर माझं तोंड बघणार नाही रे."

"कळणार कसं? जिने तिला जन्म दिला तिलाच ठाऊक नाही."

मी प्रत्येक शब्द मोठा करून आत सोडला. माझं तेच काम. ज्या शिरेवर मी टेकलेली असते, ती शीर अशी उडायला लागली की मी घसरून पडते की काय असं मला वाटलं. पण बाईची बोटं थांबली नाहीत. एक शेंग सोलली, दुसरी घेतली. मग तिने मान वर केली आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "ताई, कधी आलात? चहा टाकू?"

आणि चहा केलाही. दोघांनी तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी बाई बसस्थानकात गेली. भाचीचा हात धरून म्हणाली, "चल, डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर." भाचीला वाटलं, मामी आधाराला आली.

डॉक्टरांनी दोघींचे कान तपासले. आधी हिचे, मग तिचे, मग पुन्हा हिचे. "दोघींचेही कान एकाच तऱ्हेने चाललेत," ते म्हणाले. "बारीक आवाज आधी गेले. तुम्ही हिच्या कोण?"

"आई," बाई म्हणाली.

भाची हसली. मामीच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "मामी, सेल संपला वाटतं तुझा. कोण लागतेस, असं विचारतायत ते!"

"ऐकू आलं मला. सगळं ऐकू आलं, बाळ. आई."

भाचीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू विरून गेलं.

संध्याकाळी तिने नणंदेला विचारलं. नणंद आधी देवाशपथ नाही म्हणाली, मग कोसळली. दोन दिवसांनी भाची पिशवी भरून निघून गेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला. जाताना तिने ना नणंदेकडे पाहिलं, ना बाईकडे.

घड्याळजीला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तू वाचणार नाहीस असं सांगितलं होतं गं मला," तो म्हणाला. "एवढंसं पोर. ताईला मूल नव्हतं. मी देऊन टाकलं."

"मग मी वाचले."

"परत कसं मागणार होतो? तिने मला लहानाचं मोठं केलं."

"मी वाचले याचं तुम्हाला वाईट वाटलं का हो?"

 तो एकदम रडायला लागला, हात जोडायला लागला, तुझ्यावर माझा जीव आहे म्हणू लागला. बाईने शांतपणे मला कानातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. तो बोलत राहिला. ऐकायला फक्त मी होते. कपडे भरून झाल्यावर तिने मला उचललं आणि त्या घराचा उंबरा ओलांडला.

आता आम्ही एका खोलीत राहतो. बाईला तिची कात्री परत मिळाली आहे. माझी चीर तिने दोऱ्याने बांधली आहे. मित्रांनो, आमच्या जातीला ओल सोसत नाही, पडणं सोसत नाही. आम्हाला कोरड्या फडक्यात जपा. आणि तुमच्या घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल, तर त्याच्या देखत त्याच्यावर हसू नका. चारदा सांगावं लागलं तरी पाचव्यांदा सांगा. त्याला जगाची बातमी तुमच्याच तोंडून कळते. ती नासवू नका.

परवा रविवारी दार वाजलं. भाची उभी होती. तिच्या कानामागे माझ्याच जातीची एक नवी मशीन होती. बाईने खुर्ची पुढे केली. दोघी बराच वेळ समोरासमोर बसल्या, खिडकीबाहेर बघत. जायला उठली तेव्हा भाचीने तोंड उघडलं. "मामी" म्हणायला ओठ जुळले, तसेच थांबले. दुसरा शब्द आला नाही. शेवटी ती म्हणाली, "अहो, येते मी."

मी ते जसंच्या तसं आत पोहोचवलं.